परदेशी नोकरी घरच्या घरी तोलण्याची कृती: नवशिक्यांसाठी, मनवेलपाडा आवृत्ती

जीवदानीच्या डोंगराला तेराशेच्या वर पायऱ्या आहेत. या कृतीत फक्त सात आहेत. धाप मात्र तेवढीच लागते, म्हणून अधूनमधून पाणी प्यावं आणि आईचा फोन उचलावा.

नवशिका कसा ओळखावा? त्याच्या मेलमध्ये गेल्या आठवड्यात परदेशातल्या नोकरीचं पत्र आलेलं असतं. पत्रातला हुद्दा इथल्यापेक्षा एक पायरी खालचा असतो आणि पगाराचा आकडा असा असतो की तो बघून हसावं की रडावं ते कळत नाही. नेमक्या त्याच आठवड्यात इथल्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून "एप्रिलमध्ये तुझं बघतोय मी" असं सांगितलेलं असतं. तेव्हापासून हा जीव विरारच्या मनवेलपाडा रोडवर शेअर रिक्षात बसला की तळं कधी आलं आणि कधी गेलं, याचा त्याला पत्ता नसतो. रिक्षावाला म्हणतो, "सरका जरा." हा दचकून विचारतो, "कुठे?"

मी स्वतः या विषयात एकदा नापास झाले आहे, त्यामुळे शिकवायचा अधिकार माझाच. यंदा ही कृती माझ्या भाचीवर करून पाहिली. तिचे आकडे तिच्या परवानगीनं, थोडे गोल करून, खाली वापरले आहेत.

साहित्य

परदेशातलं ऑफर लेटर, एक. इथली सॅलरी स्लिप, एक (सीटीसीचं पत्र चालणार नाही, ती पत्रिका झाली, स्लिप म्हणजे संसार). एक एक्सेल शीट. परदेशात असलेला एक चुलतभाऊ आणि परदेशातून परत आलेला एक शेजारी. दोघांना एकाच वेळी फोन लावू नये. घरातली मोठी माणसं, उपलब्ध असतील तेवढी. विरार लोकलचा पास. रद्दीवाल्याचा ताणकाटा, तो शेवटी लागेल.

पायरी 1: शंभराचा पाढा म्हणून घ्या

ऑफर लेटर आल्यावर पहिल्या तीन मिनिटांत प्रत्येक जण एकच काम करतो. पगाराला रुपयाच्या दरानं गुणतो. 2025 मध्ये युरो शंभर रुपयांच्या पुढे गेला, त्यामुळे हे गणित आता पहिलीतल्या मुलालाही येतं: दोन शून्यं वाढवायची.

भाचीला आलेलं पत्र जर्मनीतल्या श्टुटगार्टजवळच्या एका कंपनीचं होतं. वर्षाला 48,000 युरो. म्हणजे 48 लाख! इथे तिला 15 लाख मिळतात आणि बढती मिळाली तर 18. हा आकडा सोसायटीच्या जिन्यात तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत चढला, तोवर त्याचे "पन्नासच्या वर" झाले होते. सेक्रेटरी काका म्हणाले, "मग विचार कसला करताय?"

हा पाढा मनसोक्त म्हणून घ्यावा. दाबून ठेवला तर पुढे भलत्या ठिकाणी बाहेर येतो.

पायरी 2: पाढा पुसा

आता त्याच चौथ्या मजल्यावरून खाली यायचं.

पगार जिथे मिळतो तिथेच खर्च करायचा असतो, ही गोष्ट आपल्याला कळते, पण गुणाकार करताना आठवत नाही. 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकानं 1986 मध्ये यावर एक गमतीदार तोडगा काढला: निरनिराळ्या देशांत एकच बर्गर केवढ्याला मिळतो ते बघायचं आणि त्यावरून चलनाची खरी ताकद ओळखायची. आपल्याकडे गोमांसाचा बर्गर नसल्यामुळे भारतासाठी त्यांना कोंबडीचा महाराजा मॅक धरावा लागला. मनवेलपाड्यात तोही धरू नये, वडापाव धरावा. पण श्टुटगार्टला वडापावची गाडी नाही. म्हणून कल्पना करा: बटाटा, पाव, तेल आणि ते तळून हातात देणाऱ्या माणसाचा वेळ. पहिल्या तिन्हींच्या किमतीत त्या मानानं कमी अंतर पडतं. चौथी गोष्ट तिथे भलतीच महाग आहे. केस कापणं, नळ दुरुस्त करणं, शिजवलेलं अन्न ताटात येणं, जिथे जिथे दुसऱ्या माणसाचा हात लागतो तिथे तिथे जर्मनीत खिसा रिकामा होतो. आपल्याकडे तो हात स्वस्त आहे, आणि आपल्या पगाराची अर्धी ऐट त्या स्वस्त हातावर उभी आहे.

या बर्गराचंच मोठं, गंभीर रूप म्हणजे जागतिक बँकेचे क्रयशक्तीचे आकडे. अमेरिकेत एका डॉलरमध्ये जेवढं येतं तेवढं भारतात सुमारे 20 रुपयांत येतं आणि जर्मनीत 70 सेंटच्या आसपास. म्हणजे जर्मनीतला एक युरो ढोबळ मानानं आपल्याकडच्या 28 रुपयांइतकं काम करतो. शंभर नाही, अठ्ठावीस.

आता परत गुणा. 48,000 गुणिले 28: साडेतेरा लाखांच्या जरा खाली. भाची शीटकडे बघून म्हणाली, "मावशी, म्हणजे मी परदेशात जाऊन गरीब होणार?"

इथे घाबरून शीट बंद करू नये. पायरी 3 त्याच शीटमध्ये आहे.

पायरी 3: खर्चाला एक दर, बचतीला दुसरा

नवशिके इथे हमखास घसरतात. अर्धे लोक सगळ्या पगाराला शंभरानं गुणतात आणि उरलेले, लेख वाचून शहाणे झालेले, सगळ्याला अठ्ठावीसनं. दोन्ही चूक. जो युरो तिथे खर्च होतो तो 28 चा. जो युरो वाचून घरी येतो तो 100 चा.

म्हणून आधी हातात किती येतं ते बघा. महिना 4,000 युरोंवर एकट्या माणसाचा आयकर, आरोग्यविमा, पेन्शन, बेकारी विमा वगैरे वळता झाला की साधारण 2,600 उरतात. म्हणजे पगाराचा एक तृतीयांश हातात पडायच्या आधीच वाटेत उतरतो. मग घरभाडं. तिथे भाड्याचे दोन प्रकार: एक थंड भाडं, नुसत्या भिंतींचं, दुसरं गरम भाडं, ज्यात हीटिंग वगैरे धरलेलं असतं. जाहिरातीत मोठ्या अक्षरात थंड लिहितात, खिशातून गरम जातं. अनामत म्हणून तीन थंड भाड्यांपर्यंत रक्कम मागता येते. आणि घरात टीव्ही असो वा नसो, घरटी महिना 18.36 युरो सार्वजनिक प्रसारणाची वर्गणी द्यावी लागते. हे शेवटचं ऐकून भाचीचे बाबा प्रथमच जर्मनीवर चिडले.

एवढं सगळं जाऊन एकट्या माणसानं हात आखडून 600-700 युरो वाचवले, तर ते इथे 60-70 हजार होतात. इथे 15 लाखांच्या सीटीसीवर हातात लाखाच्या आसपास येतात आणि त्यातून एवढी बचत क्वचितच होते. पण हेच गणित जोडीदार, मूल आणि मोठं घर धरून मांडलं की बचत वितळते आणि आपण पुन्हा अठ्ठावीसवर येतो.

थोडक्यात, एकट्यानं जायचं तर नोकरी जास्त पगाराची, कुटुंबासह जायचं तर कमी पगाराची. ऑफर लेटर एकच.

पायरी 4: तास मोजा

12 एप्रिल 1867 रोजी विरारहून मुंबईत बॅकबेपर्यंत पहिली लोकल सुटली. तेव्हापासून विरारकर सकाळी उठून दक्षिणेकडे जातोय. या तपश्चर्येचा हिशोब कोणत्याही सीटीसीत नसतो, म्हणून आपणच मांडायचा.

मनवेलपाडा ते अंधेरीतलं ऑफिस: रिक्षाची रांग, रिक्षा, जिना, सोडून दिलेली एक गाडी, पकडलेली दुसरी गाडी, अंधेरीचा पूल आणि पुढची चाल. दारापासून दारापर्यंत दोन तास. येताना तेवढेच. रोजचे चार, वर्षाचे 240 दिवस. एकूण 960 तास. चोवीसनं भागा: 40 दिवस. वर्षातले चाळीस अखंड दिवस आणि रात्री आपण कोणाच्या तरी बॅगेचा कोपरा बरगडीत घेऊन उभे असतो.

परदेशात रोजचा तासभर प्रवास धरला तरी यातले तीस दिवस परत मिळतात. त्यात तिथल्या कायद्यानं किमान चार आठवडे भरपगारी रजा आणि आजारी पडलात तर सहा आठवडे मालकाकडून पूर्ण पगार. या तासांचे पैसे करायला जाऊ नका. एवढंच विचारा, की ते तीस दिवस मिळाले तर आपण काय करू?

भाचीनं प्रामाणिकपणे लिहिलं: "झोपेन." उत्तर योग्य आहे. पूर्ण गुण.

उलट बाजूही मांडा. तिथे रविवारी दुकानं बंद असतात. नोव्हेंबरात पाचच्या सुमारास अंधार पडतो. लोकलमधल्या ग्रुपनं डब्यातच साजरा केलेला वाढदिवस, कोणीतरी सरकून दिलेली चौथी सीट, समोरच्या काकूंनी न विचारता दिलेली आमटी, या गोष्टींना शीटमध्ये रकाना करावा आणि तो रिकामा ठेवावा. रिकामा रकानाही दिसत राहतो.

पायरी 5: सभा भरवा

रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर. उपाशीपोटी सभा भरवल्यास ठराव आधी होतात आणि चर्चा नंतर.

आत्या म्हणाली, "मुलीला एकटीला?" काका म्हणाले, "पगार कमी, पोस्ट कमी, मग जायचं कशाला? फोटो काढायला?" चुलतभाऊ व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "ये गं, मस्त आहे," आणि मागे त्याच्या बायकोनं काहीतरी म्हटलं ते ऐकू आलं नाही. भाचीची आई, म्हणजे माझी ताई, काहीच बोलली नाही. भांडी आवरायला उठली. तिचं एवढंच वाक्य इतिवृत्तात आहे: "एवढ्या लांब कशाला?"

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. आमचे बाबा लालबागला गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी त्यांच्यापुरती कायमची बंद झाली. पुढे मिळेल ते काम करत 1994 मध्ये त्यांनी मनवेलपाड्यात वन रूम किचन घेतलं. खोली सोडताना चाळीतला प्रत्येक माणूस म्हणाला होता, "विरारला? एवढ्या लांब?" तेव्हा इथे रस्त्यापेक्षा खड्डे जास्त आणि दिव्यांपेक्षा काजवे जास्त. पगार होता तोच राहिला, प्रवास तिप्पट झाला. मिळालं काय, तर स्वतःचं दार आणि आतला संडास. बाबांनी शीट मांडली नव्हती. आईला एकदा आणून जागा दाखवली आणि विचारलं, "जमेल?"

मनवेलपाड्यात कोणाच्याही घरी सभा भरवली तरी समोर बसलेल्या मोठ्या माणसांपैकी निम्मी तरी कधीकाळी अशीच लांब आलेली असतात. कोकणातून गिरणगावात, गिरणगावातून इथे. त्यांच्या "एवढ्या लांब"ला विरोध समजू नये. जुनी सवय ती. त्यांच्याही मागे कोणीतरी हेच म्हणालं होतं.

पायरी 6: हुद्दा उकळून घ्या

इथली बढती आणि तिथली खालची पोस्ट यांची तुलना करताना दोन्ही हुद्दे वेगवेगळ्या पातेल्यांत घ्या आणि मंद आचेवर उकळा. पाणी उडून जाईल. तळाशी जे उरेल ती वाढ.

पाणी म्हणजे काय? आमच्या गावाचंच बघा. 3 जुलै 2009 ला विरार नगरपरिषद जाऊन वसई-विरार शहर महानगरपालिका आली. 1 ऑगस्ट 2014 ला आम्ही ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्ह्यात गेलो. पाच वर्षांत दोन बढत्या, त्याही जागचं न हलता. मी मात्र सकाळची तीच गाडी पकडत होते. (परदेशी जाणाऱ्यांनी जुनी कागदपत्रं तपासावीत. एका दाखल्यावर ठाणे आणि दुसऱ्यावर पालघर असेल, तर घर नाही, जिल्हा हलला, हे व्हिसाच्या खिडकीवर सांगायची तयारी ठेवावी.)

आता माझी नापासाची गोष्ट. 2015 मध्ये मलाही असंच एक पत्र आलं होतं, जर्मनीतल्याच एका लहान गावातून. पोस्ट खालची, पगार बेताचा. त्याच महिन्यात इथे मला डेप्युटी मॅनेजर केलं. मी गणित चोख केलं आणि राहिले. नवीन व्हिजिटिंग कार्डं आली, पाचशेचा गठ्ठा. हाताखाली सात जण. काम काय, तर त्या सात जणांच्या रजांचं एक्सेल आणि दर सोमवारी वरच्यांना पाठवायचा अहवाल, जो मागच्या सोमवारच्या अहवालात तारीख बदलून होत असे. जे काम मला येत होतं ते आता ती सात माणसं करत होती आणि माझ्यापेक्षा चांगलं करायला लागली होती. अडीच वर्षांनी तो विभागच दुसऱ्या शहरात गेला. मी मुलाखती द्यायला बाहेर पडले तेव्हा समोरच्यानं विचारलं, "गेल्या दोन वर्षांत नवीन काय शिकलात?" मी कार्ड पुढे केलं. त्या गठ्ठ्यातली चारशेच्या वर कार्डं अजून आहेत; मागच्या कोऱ्या बाजूला वाणसामानाची यादी छान मावते.

म्हणून भाचीला सांगितलं, दोन्हीकडे लिही: या नोकरीत पहिल्या वर्षी मला काय करता येईल, जे आज येत नाही? इथल्या बढतीखाली तिनं लिहिलं: "माणसं सांभाळणं, क्लायंटशी बोलणं, बजेट." हेही खरं शिकणं आहे, नाक मुरडू नये. तिथल्याखाली लिहिलं: "गाड्यांच्या आतलं सॉफ्टवेअर. जर्मन."

पायरी 7: रिटर्न आहे का, विचारा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि ती शिकवायला विरार-नालासोपाऱ्याइतकी चांगली शाळा जगात नाही.

परगावच्या वाचकांसाठी: सकाळी नालासोपाऱ्याला चर्चगेटच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. म्हणून शहाणी माणसं उलट्या दिशेची, विरारला येणारी गाडी पकडतात. चार किलोमीटर मागे येतात, विरारला उतरतच नाहीत, आणि तीच गाडी चर्चगेटला निघाली की खिडकीत बसून निघतात. पास अर्थात विरारपासूनचा काढावा लागतो. याला म्हणतात रिटर्न मारणं. विरारकर बाया हातातली पर्स छातीशी धरून चालत्या गाडीत उड्या मारतात, तेव्हा आत नालासोपाऱ्याच्या ताया पोथी उघडून बसलेल्या असतात. आमचं निम्मं आयुष्य त्यांच्याकडे रागानं बघण्यात गेलं.

परदेशातली कमी पगाराची, खालच्या पोस्टची नोकरी म्हणजे रिटर्न. आधी मागे जायचं, बसायला मिळावं म्हणून. हिशोब साधा आहे आणि बरोबरही आहे. फक्त एक अट: ती गाडी परत फिरली पाहिजे. कारण विरारला आलेली प्रत्येक गाडी फिरत नाही. काही कारशेडला जातात. मग पोथी मिटा, उतरा, आणि रिकाम्या हातानं गर्दीच्या शेवटी उभे राहा.

कारशेडच्या नोकऱ्या दोन्ही देशांत असतात. आमच्या बी विंगमधला एक मुलगा चार वर्षं युरोपात राहून आला. तिथे त्याच्याकडे एक जुनी प्रणाली होती, जी जगात फक्त त्या एका कंपनीत चालत होती. पैसे वाचले, फोटोही आले. परतला तेव्हा त्याच्या बरोबरीचे इथे दोन पावलं पुढे गेले होते आणि त्याच्या हातातल्या चावीचं कुलूप कुठेच नव्हतं. माझी डेप्युटी मॅनेजरी तर कारशेडच होती, फक्त डबा नवा होता.

मग ओळखायचं कसं? इंडिकेटरवर अवलंबून राहू नये. कंपनीच्या जाहिरातीत सगळ्याच गाड्या चर्चगेटच्या असतात. आपण स्टेशनवर करतो तेच करावं: आत बसलेल्या बाईला खिडकीतून विचारावं, "ताई, रिटर्न आहे का?" ती रोज येते, तिला माहीत असतं. नोकरीच्या बाबतीत ही ताई म्हणजे त्याच पोस्टवर तीन वर्षांपूर्वी लागलेली माणसं. लिंक्डइनवर अशी तीन शोधा आणि ती आज कुठे आहेत ते बघा. हाच शोध इथल्या बढतीसाठीही घ्या. तुमच्या साहेबांच्या आधीचे साहेब आज कुठे आहेत?

भाचीला तिथले तिघे सापडले. दोघं वर सरकले होते, एक त्याच कंपनीत आणि एक दुसऱ्या मोठ्या कंपनीत. तिसरी सात महिन्यांत सोडून गेली होती. भाचीनं तिलाच आधी गाठलं, हे मला आवडलं. ती म्हणाली, काम चांगलं होतं, पण जेवणाच्या टेबलावर सगळे जर्मनमध्ये बोलायचे आणि मला ती शिकायला वेळच झाला नाही.

इथे एक तांत्रिक गोष्ट. विरारला गाडी वळत नाही. रूळ तेच, डबे तेच. मोटरमन आपली बॅग उचलतो आणि फलाटावरून चालत दुसऱ्या टोकाला जातो, एवढंच. मग मागचं तोंड पुढचं होतं. परदेशी नोकरीत ही चाल म्हणजे भाषा. जर्मनीच्या ब्लू कार्डासाठी, म्हणजे शिकलेल्या परदेशी माणसांना मिळणाऱ्या कामाच्या परवान्यासाठी, 2025 मध्ये पगाराची सर्वसाधारण अट 48,300 युरोंची होती आणि आयटीसारख्या माणसांचा तुटवडा असलेल्या क्षेत्रांत 43,759.80 ची. भाची त्या दुसऱ्या रांगेत बसते. हे कार्ड असलेल्याला कायम राहण्याचा परवाना 27 महिन्यांनी मागता येतो, पण भाषेची बी-1 पातळी गाठली तर 21 महिन्यांनीच. तो परवाना आला की नोकरी आपल्याला सोडता येते. तोवर ती सुटली तर व्हिसाही हलतो. महाराष्ट्र सरकारनं 2024 मध्ये, श्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे त्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी 10,000 कुशल माणसं पाठवण्याचा करार केला, तेव्हा त्यातही पहिलं काम जर्मनच्या वर्गांचंच होतं. परिचारिकांना तर साधारण बी-2 पर्यंत जावं लागतं. लोकलमध्ये उभ्यानं क्रियापदं पाठ करणं शक्य आहे. भाचीनं बोरिवली ते विरार या टप्प्यात विभक्तीचे चार प्रकार पाठ केले आणि पाचव्या दिवशी शेजारच्या मावशींनी तिची चूक सुधारली.

जोडपायरी: पत्र एजंटाकडून आलं असेल तर

आमच्या पट्ट्यातून आखातात जाणारे एसी मेकॅनिक, वेल्डर, ड्रायव्हर आयटीवाल्यांपेक्षा जुने खेळाडू आहेत. त्यांनीही सात पायऱ्या चढाव्यातच, पण त्याआधी हे तपासावं: एजंटाचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर परवानाधारक म्हणून आहे का? त्याला 30,000 रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, "इतकं जास्त का?" हे विचारायला लाजू नये. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआरचा शेरा असतो आणि ठरावीक 18 देशांत कामाला जायला त्यांना आधी सरकारी मंजुरी लागते. त्यांच्यासाठी प्रवासी भारतीय विमा योजना आहे: दोन वर्षांना 275 रुपये, तीन वर्षांना 375, आणि संरक्षण 10 लाखांचं. व्हिजिट व्हिसावर "तिथे गेल्यावर बदलून घेऊ" असं कोणी म्हणालं, तर ती गाडी कारशेडचीच समजावी.

नेहमीच्या चुका

"दोन वर्षांत परत येईन" असं सर्वांना सांगणं. (लोक लक्षात ठेवतात.) इथल्या साहेबांना ऑफर दाखवून पगार वाढवून घेणं आणि मग त्या पगारासाठी राहणं. कोणीतरी चिडवलं म्हणून जाणं. कोणीतरी रडलं म्हणून राहणं. शीटमधला एक आकडा हळूच बदलणं म्हणजे बेरीज हवी तशी येते. असं करताना स्वतःला पकडलंत तर शीट बंद करा, कारण उत्तर तुम्हाला मिळालेलं आहे.

स्वाध्याय

प्रश्न 1. रिकाम्या जागा भरा: पाच वर्षांनी मी \_\_\_\_\_ करत असेन. (हुद्दा लिहू नये, क्रियापद लिहावं.)

प्रश्न 2. जोड्या लावा: युरो, पगार, बढती, आई, 28, 100, पाणी, गप्प.

प्रश्न 3. एका वाक्यात उत्तर द्या: गाडी रिटर्न आहे, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

ताणकाट्याविषयी

साहित्यात ताणकाटा लिहिला होता. त्याचा उपयोग मलाही ठाऊक नव्हता. यादीत तो ताईनं घातला.

सभेनंतरच्या बुधवारी मी तिच्याकडे गेले. भाची ऑफिसात होती. तिनं होकार कळवला नव्हता, नकारही नाही. मुदत शुक्रवारपर्यंत होती. दारात रद्दीवाला उभा होता, पण दाराशी रद्दी नव्हती. ताईनं माळ्यावरून मोठी बॅग काढली होती, ओल्या फडक्यानं पुसली होती, आणि रद्दीवाल्याच्या काट्याच्या आकड्याला लटकवायला लावली होती.

"ताई, रिकामीच आहे," तो म्हणाला.

"माहितीये. रिकामीच बघायचीय."

काटा हलत हलत साडेचारवर थांबला. ताईनं पदराला हात पुसले, जिन्याच्या भिंतीकडे बघत मनातल्या मनात काहीतरी केलं आणि मला म्हणाली, "तेवीस चालतात ना विमानात? म्हणजे साडेअठराच राहिले." मग जरा वेळानं, "साडेअठरात कुकर बसेल का गं?"